बोअरची मोटार जोडली, पण शाफ्ट फिरेना. सोडण्याआधी मदत हवी आहे

मळेकरी, चिकोडी तालुका:
बोअर साडेसहा इंची, 420 फूट. पाणी आत्ता 210 फुटांवर आहे, उपसा सुरू झाला की 300 पर्यंत उतरतं. मोटार 5 एचपी, थ्री फेज, व्ही-6 (सहा इंची बोअरसाठीची), पाणी भरायची. पंप आणि मोटार वेगवेगळ्या खोक्यांतून आले. 380 फुटांवर सोडायचं ठरलंय, यूपीव्हीसी कॉलम पाइप दहा फुटी, 38 नग. मोटार एकटी असताना शाफ्ट हाताने फिरत होता. पंप बसवून नट आवळले आणि आता हलतच नाही. पान्याने जोर लावून फिरवावा का? मोटारीत पाणी कोणतं भरायचं? आणि केबल अडीच स्क्वेअर एमएमची पुरेल की चारची घ्यावी? पॅनेल बोअरपासून 60 फुटांवर आहे.

पंप फिटर, अथणी:
दादा, जोर अजिबात लावू नका. मोटार एकटी फिरत होती म्हणजे अडचण जोडणीत आहे. सगळे नट सैल करा, पंप उचलून बाजूला घ्या आणि दोन्ही तोंडं फडक्याने पुसून नीट बघा. बारीक खडा, रंगाचा पापुद्रा, वाहतुकीसाठी घातलेल्या प्लास्टिकच्या टोपीचा तुकडा, एवढंसं काहीही मध्ये राहिलं तरी पंप तिरका बसतो आणि शाफ्ट आवळला जातो. कपलिंगच्या (दोन्ही शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्याच्या) दात्यांत वॉटरप्रूफ ग्रीस बोटाने लावा, पण तोंडांवर ग्रीस नको. कपलिंग मोटारीच्या शाफ्टवर तळापर्यंत गेलंय ना, तेही पाहा. अर्धवट अडकलेलं असेल तर नट आवळताना पंपाचा शाफ्ट वर रेटला जातो आणि इंपेलर (पंपातले पाणी ढकलणारे पंखे) वरच्या बाजूला घासून बसतात.

परत जोडताना समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळा. एक नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला की एका बाजूला फट राहणारच. प्रत्येक फेरीनंतर जाळीच्या जागेतून कपलिंग स्क्रू-ड्रायव्हरने सरकवून पाहायचं. सुरुवातीला थोडं जड लागेल, नंतर सगळीकडे सारखं फिरायला हवं. एकाच जागी अडत असेल तर पुन्हा सोडा. शेवटी जाळी आणि केबलची पट्टी बसवताना मोटारीची चपटी वायर पट्टीखाली सरळ घ्या. पट्टीच्या स्क्रूखाली वायर सापडली तर साल (वायरचं वरचं आवरण) कापलं जातं, आणि ते वरून कळत नाही.

पाणी स्वच्छ, गाळलेलं, पिण्याचं भरा. बोअरचं गढूळ पाणी नको आणि तेल तर मुळीच नको. आतली बेअरिंगं पाण्यावरच चालतात. गाळ गेला तर झिजतात, हवा राहिली तर कोरडी पडून जळतात. मोटार उभी करा, वरचे दोन्ही प्लग काढा. एकातून बारीक धार सोडा, दुसऱ्यातून हवा निघू दे. भरली असं वाटलं की मोटार हलकेच दोन्हीकडे कलवा, बुडबुडे येतील. अर्धा तास थांबून परत काठोकाठ भरा आणि मगच प्लग घट्ट करा. कारखान्यातून भरून आली असेल तरी पातळी पाहायचीच.

"फिरते का बघू" म्हणून वर कोरडी चालू करू नका. दिशा पाणी चढल्यावर ठरवा: उलटी फिरत असेल तर पाणी कमी आणि दाब कमी, मग पॅनेलमधल्या कोणत्याही दोन फेज अदलाबदल करायच्या.

वायरमन, निपाणी:
केबलीबद्दल. 380 आणि 60 मिळून 440 फूट, म्हणजे 134 मीटर. मोटार 9 अँपिअर घेईल असं धरलं तर अडीचच्या तांब्याच्या केबलीत सुमारे 13 व्होल्ट पडतात, चारच्या केबलीत 8 च्या आसपास. डीपी (ट्रान्सफॉर्मर) लांब असेल आणि संध्याकाळी व्होल्टेज आधीच उतरत असेल तर चारचीच घ्या. ओव्हरलोड (जादा करंट गेला की मोटार बंद करणारा रिले) मात्र नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावा, 9 माझा अंदाज आहे.

जॉइंट करताना तिन्ही कोअर वेगवेगळ्या लांबीवर कापा, म्हणजे तिन्ही जोड एकाखाली एक येतील, शेजारी-शेजारी नाहीत. तांब्याच्या स्लीव्हमध्ये क्रिंप करा (दाबून पक्कं करा). रबर टेप ताणून, निम्म्यावर निम्मी चढवत प्रत्येक कोअरला गुंडाळा, साल असलेल्या भागावर दोन्हीकडे दोन इंच जाऊ दे. वरून तिघांना मिळून रबर टेप, मग पीव्हीसी टेप. नुसत्या पीव्हीसी टेपवर भागवलेला जॉइंट पाणी धरतोच.

मळेकरी, चिकोडी तालुका:
नट सोडले. मोटारीच्या तोंडावर पिवळ्या प्लास्टिकची चिपटी चिकटलेली निघाली. पुसून परत जोडलं, आता शाफ्ट मोकळा फिरतोय. पाणी भरलं, जॉइंट झाला. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) मोटार एकटी 100 मेगओहमच्या वर दाखवत होती. जॉइंट तासभर बादलीत ठेवल्यावर 0.8 वर आलं. सोडू का?

वायरमन, निपाणी:
नाही. नवी मोटार, नवी केबल, आणि वरच 0.8 म्हणजे कुठेतरी पाणी शिरलंय. 380 फुटांवर दाब कितीतरी जास्त, तिथे ते आणखी शिरेल. आधी जॉइंट बादलीतून काढून कोरडा पुसा आणि परत मेगर लावा. आकडा वर गेला तर दोष जॉइंटचाच: कापून नवा करा, टेप लावायच्या आधी सालाला लागलेलं ग्रीस आणि घाम पुसून घ्या. आकडा तसाच राहिला तर जॉइंट तोडून मोटारीची वायर आणि केबल वेगवेगळी मोजा. केबलचं बंडल उलगडताना दगडावर घासलेलं असतं. बादलीत ठेवूनही आकडा मोटारीच्या जवळपास टिकला तरच पहिला पाइप लावा.

पंप फिटर, अथणी:
आणि सोडताना दर पाइपला केबल क्लिपने बांधा, कपलरजवळ (पाइपांच्या जोडाजवळ) थोडी सैल ठेवा. नायलॉनचा दोर पंपाच्या कड्याला वेगळा बांधा, केबलीवर वजन कधीच देऊ नका. यूपीव्हीसीच्या आट्यांना साबणाचं पाणी लावा, तेल नको. रबर रिंग प्रत्येक जोडात आहे ना, हे बोटाने चाचपून मगच पुढचा पाइप चढवा. प्रत्येक पाच पाइपांनंतर मेगर लावत गेलात तर केबल कुठे घासली हे तिथल्या तिथे कळतं.