गावात माणसं कमी झाली, पैसा वाढला, मग रडायचं कशाला?

बांधावरचा:
दिवाळीला गावी गेलतो, बीडच्या केज तालुक्यात. भाऊबीज झाली अन् दोन दिवसात आमच्या आळीतून अकरा ट्रॅक्टर ऊसतोडीला साखर कारखान्याला गेले. भांडी, सरपण, शेळी, वर लेकरं. दहा घरांना कुलूप आणि एका ओट्यावर आजी नातवंडं घेऊन. पण त्याच आळीत पाच वर्षाखाली पत्रे होते तिथं आता स्लॅब पडलेत, दोन दारात बुलेट उभ्या. पोरं चाकणला कंपनीत. माझं म्हणणं सरळ आहे, वाटण्या होऊन होऊन पाच एकराचं सव्वा एकर झालं, त्यावर सगळे बसून खाणार काय? माणसं गेली म्हणूनच गाव सुधारायलंय.

कोयता_१:
दादा तो स्लॅब उचलीवर, म्हणजे मुकादमाच्या आगाऊ पैशावर पडलाय हे कोण सांगणार? नवरा बायको मिळून एक कोयता, मुकादम लाखभर उचल देतो, सीझन संपेस्तोवर ऊस तोडून ती फेडायची. बाई आजारी पडली की खाडे, खाड्याचे पैसे कापले जातेत, फिटली नाही तर बाकी पुढच्या साली. माझ्या मायबापाची तीन सीझन फिटली नव्हती. कर्जाला उत्पन्न म्हणायलात तुम्ही.

बांधावरचा:
उचलीचं मान्य. पण चाकणचा पगार तर कर्ज नाही ना?

जुने मास्तर:
आधी गावात माणसं किती ते तरी ठरवा. २०११ च्या जनगणनेला मी प्रगणक होतो. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी, म्हणजे कारखाने जोरात चालू. नियम असा की जो माणूस मुदतभर बाहेर असेल तो जिथं असेल तिथं मोजायचा. माझ्या वहीत नुसतं कुलूप, कुलूप, कुलूप. आता तिकडं उसाच्या फडातल्या कोप्यांवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांवर, किती जण गेले असतील मोजायला देव जाणे. त्याच आकड्यावर ग्रामपंचायतीचा निधी ठरायलाय अजून. पुढची मोजणी १ मार्च २०२७ च्या तारखेला धरून, म्हणजे परत फेब्रुवारीच! गाव रिकामं झालं म्हणणारे बहुतेक हीच आकडेवारी घेऊन भांडतेत.

सोयाबीनवाला लातूर:
मास्तर, माणसांचं जाऊद्या, उत्पन्न तर त्याहून भारी मोजतेत 😂 निराधारच्या पगाराला वर्षाला २१ हजाराची अट, मग दाखला २१ हजाराचाच. आमच्या गावात कागदावर सगळे सारखेच गरीब. आणि खरा हिशोब सांगतो, २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२, मी अडतीवर घातलं ४१०० नी, एकरी सहा क्विंटल, बियाणं खत फवारणी काढणी मळणी जाऊन हातात राहिलं ते सांगायची लाज वाटते. गावात पैसा दिसतो तो लाडक्या बहिणीचे १५०० आणि सन्मान निधीचे दोन दोन हजार. मेसेज आला की किराणा दुकानात गर्दी, बँकेतल्या शिपायापेक्षा दुकानदाराला तारीख जास्त पाठ.

बांधावरचा:
मग हेच तर! पैसा कुठून का येईना, गावातच खर्च होतोय ना.

माहेर_परभणी:
भाऊ, खर्च कशाचा ते पण बघा. दवाखाना, खाजगी शाळेची गाडी, मोबाईल. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट उतरायलाय आमच्याकडं. आणि कमी माणसं म्हणताना कोण कमी झालं ते कोणीच बोलत नाही, बीडमध्ये २०११ ला हजार पोरांमागं ८०७ पोरी होत्या, सहा वर्षापर्यंतच्या. त्यातली मोठी पोरं आता कुठं लग्नाला यायलीत, पण पोरी कमी हे आधीपासूनच. माझ्या चुलतभावाला आठ एकर विहीर बागायत, पण सोयरीक जुळेना, पोरीकडचे विचारतेत कंपनीत कुठं आहे. शेवटी त्याला बायोडाटात लिहायला कुणाचीतरी ओळख काढून रांजणगावला चिटकवलाय. शेत बटईनं दिलं.

बांधावरचा:
ताई खरं सांगू का, माझा बायोडाटा पण तसाच बनलाय. पण तरी म्हणतो, परत येऊन सव्वा एकरात काय करू ते सांगा कोणीतरी.

कोयता_१:
शेळ्या घ्या 😀 आणि चाऱ्याचा भाव विचारू नका.