मदत हवी आहे : पुढच्या फोर्कमधून ‘कट्-कट्’

डिचोलीत राहतो. माझ्या एमटीबीला (डोंगरी सायकल) १२० मिमी दबणारा एअर फोर्क (पुढचं चाक धरणारं, हवेवर चालणारं सस्पेन्शन) आहे, वॉरंटी संपलेली. गेला पावसाळाभर लाल चिखलात चालवली, आता उभं राहून चढ मारताना आणि पुढचा ब्रेक दाबला की कट् असा कोरडा आवाज येतो. बसून सपाट रस्त्यावर काही नाही.

हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) उघडून साफ केला, नवं ग्रीस भरलं, प्रीलोड (बेअरिंगवरचा ताण) नीट लावला, ढिलेपणा नाही. स्टेमचे (हँडल धरणारा भाग) बोल्ट टॉर्क रेंचने ५ न्यूटन-मीटरला. अ‍ॅक्सल, ब्रेक कॅलिपर तपासले, मित्राचं चाकही लावून पाहिलं. लोअर्स (फोर्कचा खालचा, सरकणारा भाग) काढून तेल आणि सील बदलले (अर्धा रविवार त्यातच गेला). आवाज तसाच.

ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलताना क्राउनवर (फोर्कच्या वरच्या दोन नळ्या जोडणारा आडवा भाग) बोट ठेवलं, तर डाव्या नळीच्या जोडाशी ठोका जाणवतो. तिथे प्रेस-फिट (नळी दाबून बसवलेला जोड) सैल झालं असावं असा माझा संशय. दुकानदार म्हणतो, ‘चालवा, काही होत नाही.’ चोर्ला घाट उतरताना ते पटत नाही.

बुशिंगचा (लोअर्समधल्या, वरच्या नळ्या ज्यांत सरकतात त्या कड्या) ठोका आणि क्राउनचा ठोका खात्रीने वेगळा कसा ओळखायचा? आणि क्राउनच निघाला, तर पणजी-म्हापशाकडे कोणी तो भाग बदलून देतं, की थेट नवा फोर्कच?