सामान लादून ई-सायकलवर रोज ८० किलोमीटर कसे गाठावेत?

प्रश्न: बॅटरी ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तास. रिकाम्या सायकलवर ५० किलोमीटर सहज होतात. मागच्या महिन्यात तंबू वगैरे १८ किलो लादलं आणि ३४व्या किलोमीटरला, चढाच्या मधोमध, मोटर गप्प. उरलेला चढ ढकलत गेलो. दुसरी बॅटरी समांतर जोडू का?

उत्तर: नका जोडू, कळकळीने सांगतो. एक भरलेली आणि एक अर्धी असेल तर भरलेलीतून अर्धीत एकदम प्रवाह धावतो. तारा तापतात, आगही लागू शकते. मी दोन वेगळ्या ठेवतो, एक संपली की दुसरी लावतो.

पण आधी हिशेब करा. ३६ गुणिले १४, म्हणजे तुमच्या बॅटरीत ५०४ वॉट-तास वीज आहे. तुम्ही, सायकल, सामान मिळून १२० किलो धरले तर १०० मीटर उंची चढायलाच सुमारे ३३ लागतात, मोटरमधली गळती वेगळी. म्हणून मी अंतराआधी एकूण चढ बघतो. सपाटीवर खरा खर्च हवेचा: २० ऐवजी २५च्या वेगाने गेलात की तिचा विरोध दीडपट होतो. तिथे मोटरची मदत सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा.

दुसरं उत्तर: टायरमधली हवा रोज सकाळी बघा. आणि २ अँपिअरच्या चार्जरवर ही बॅटरी भरायला ७ तास जातात, दुपारच्या विसाव्यात फारसं काही भरत नाही. बॅटरीला चालत असेल तरच ४चा घ्या.

प्रश्नकर्ता: मोटर मागच्या चाकात आहे. चढावर काय करू?

उत्तर: वेग फार पडू देऊ नका. चाक रेंगाळलं की बरीच वीज उष्णतेत जाते. हलका गिअर टाका आणि पायांनी जोर लावा.