मदत हवी आहे: जुनं एचएमटी घड्याळ भेट म्हणून घ्यावं का? उद्या संध्याकाळपर्यंत ठरवायचंय

केळीवाला_फैजपूर
नमस्कार मंडळी. एक जुनं एचएमटी भेट द्यायला घेतोय. विकणारा ३२०० म्हणतोय. उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो म्हणे. "दुकानात पडून राहिलेला नवाकोरा माल" असं त्याचं म्हणणं. घ्यावं की नको तेवढं सांगा. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, दुसरं शोधायला वेळ नाही. मी पुण्यात असतो.

तापीकाठ
कोणतं मॉडेल? चावीचं की ऑटोमॅटिक? कोणाला द्यायचंय? फोटो टाका. नुसतं "एचएमटी" म्हणजे नुसतं "केळी" म्हटल्यासारखं झालं.

चाळीसगावकर
घेऊ नका. ३२०० मध्ये चांगलं नवं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवालं येतं, वॉरंटीसकट. रोज चावी देणं आजकाल कोणाकडून होत नाही. माझ्या मेव्हण्याला असंच जुनं दिलं होतं, ते आता शोकेसमध्ये सव्वादहा वाजवून बसलंय.

केळीवाला_फैजपूर
चावीचंच आहे. पायलट. केशरी तबकडी, लाल सेकंदकाटा, पट्टा नवीन. फोटोत एकदम चकाचक दिसतंय. आप्पांना, म्हणजे वडिलांना द्यायचंय, एकसष्टी आहे त्यांची.

घड्याळवेडा_जळगाव
केशरी पायलट ऐकूनच थांबलो. पायलटची ओळखच काळ्या तबकडीची. केशरी, पोपटी, जांभळी असली भडक तबकडी दिसली की आधी रंगकामाचा संशय घ्यायचा. जुन्या घड्याळांचं सुटं सामान गोळा करून, तबकडी रंगवून, बाहेरची डबी घासून "नवंकोरं" म्हणून विकणारे पुष्कळ आहेत. घड्याळ चालतं, पण एचएमटीच्या कारखान्यातून ते तसं कधी बाहेर पडलेलं नसतं.

फोटो मोठा करून बघा. कडेच्या मिनिटांच्या रेघा एकसारख्या आहेत का? तबकडीवरच्या "पॅराशॉक"ची (धक्का सोसणारं मशीन असल्याची खूण) अक्षरं फुगलेली, पसरलेली आहेत का? मग मागचं झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो मागा. स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर ते किती हातांतून गेलंय ते कळतं. नवाकोरा माल म्हणणाऱ्याला झाकण उघडायला अडचण नसावी. टाळाटाळ केली तर तिथेच सोडा.

आणि उद्याच्या मुदतीला घाबरू नका. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर घड्याळं सुरू केली, पुढे घरोघरी गेली. त्यांची घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण घड्याळं घराघरांत आहेतच. दुसरं मिळेल.

चाळीसगावकर
एवढा तपास करण्यापेक्षा नवं घ्या ना. वडिलांना वेळ बघायची असते, झाकण उघडायचं नसतं.

घड्याळवेडा_जळगाव
वेळ मोबाईलमध्येही दिसते भाऊ. एकसष्टीला कोणी वेळ भेट देत नाही.

बागायतदार_सावदा
फैजपूर वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आपल्या फैजपूरला झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष होते. पोरांना हे सांगत जा. घड्याळातलं मला कळत नाही.

मीनल_धुळे
मी वडिलांना जुनं घड्याळ दिलं होतं तेव्हाचा अनुभव. दिसायला सुंदर, पहिले दोन महिने व्यवस्थित चाललं, मग रोज दहा-बारा मिनिटं मागे पडायला लागलं. घड्याळवाल्याने उघडून दाखवलं, आतलं तेल वाळून मेणासारखं झालं होतं. विकणाऱ्याने "सर्व्हिस केलंय" सांगितलं होतं, केलं होतं फक्त पॉलिश. तेव्हा सर्व्हिसचे पैसे वेगळे धरा. आणि वडिलांना सांगून ठेवा की ते धुवायचं नाही, हातपाय धुताना काढायचं. जुन्या घड्याळात पाणी शिरायला वेळ लागत नाही.

प्रसाद_नंदुरबार
घड्याळ भेट देऊ नये असं आमच्याकडे म्हणतात, वेळ अडकते. एक रुपया घेऊन विकल्यासारखं करा म्हणजे दोष नाही.

तापीकाठ
प्रसाद, धागा तो नाही. लग्नात जावयाला घड्याळ देण्यात अख्ख्या खान्देशाची हयात गेली.

केळीवाला, अजून एक राहिलं. आप्पा काय करतात? रोज घड्याळ घालतात का? आधी होतं का एखादं?

केळीवाला_फैजपूर
शेती. केळी आहे आमची, लिहिलंय ना नावात. घड्याळ होतं एक, लग्नातलं, १९८८ चं, आईच्या वडिलांनी दिलेलं. मी लहान असताना हरवलं. पाटाचं पाणी धरताना बांधावर काढून ठेवलं होतं, परत गेले तेव्हा नव्हतं. त्यानंतर त्यांनी घेतलंच नाही. मला वाटलं हे सांगायची गरज नाही.

तापीकाठ
गरज त्याचीच होती! कोणतं होतं ते?

केळीवाला_फैजपूर
एचएमटीच. मॉडेल माहीत नाही. म्हणून तर एचएमटी शोधलं.

बागायतदार_सावदा
कायले डोकं खपवतो भो, बापाले इचार ना सरळ.

मीनल_धुळे
वडिलांना नको, कळेल त्यांना. आईला विचारा. माहेरचं घड्याळ होतं, तिला तबकडीसकट आठवत असेल.

घड्याळवेडा_जळगाव
एक कामाची गोष्ट. केळीच्या बागेत घालणार असतील तर चामड्याचा पट्टा देऊ नका. केळीचा चीक लागला की डाग निघत नाही, आणि मे महिन्यातल्या आपल्या घामाने चामडं चार महिन्यांत कुजतं. स्टीलची चेन लावा. चावी रोज एकाच वेळी, सकाळी उठल्यावर. हळूहळू फिरवत जायचं आणि अडलं की थांबायचं, जोर करायचा नाही. एकदा भरलं की दीड दिवस निघतो.

केळीवाला_फैजपूर
चावीवरून आठवलं. आप्पांच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर नाहीये. कडबाकुट्टीत गेलं, सात वर्षं झाली. त्यांना ती बारीक चावी चिमटीत धरता येईल का?

चाळीसगावकर
बघा! म्हणून म्हणत होतो, सेलवालं घ्या.

तापीकाठ
किंवा ऑटोमॅटिक. एचएमटीचं कांचन बघा. हातावर असलं की आपोआप भरतं.

घड्याळवेडा_जळगाव
कांचन चांगलं घड्याळ, पण शेतात गेले की काढून ठेवतील, दोन दिवस खुंटीवर राहिलं की बंद. मग तारीख-वार परत लावायला तीच बारीक चावी आणि तोच अंगठा. साधं चावीचं बरं. घड्याळ हातातून काढून उजव्या तळव्यात धरायचं आणि डाव्या हाताने चावी द्यायची. माझे एक डावखुरे मित्र तसंच करतात.

चाळीसगावकर
हे बरोबर आहे. पण साठाव्या वर्षी सवय बदलायला सांगताय.

केळीवाला_फैजपूर
आत्ता आईशी बोललो. फोन ठेवून अर्धा तास झाला, मला लगेच लिहिता आलं नाही.

तिला सगळं आठवतं. पांढरी तबकडी, आकडे मराठीत, मध्ये "जनता" लिहिलेलं. आजोबांनी भुसावळहून आणलं होतं, दुकानात तिलाही नेलं होतं आणि मराठी आकड्यांचं तिनेच निवडलं होतं. हरवल्यावर आप्पा तीन दिवस बांध उकरत होते म्हणे. हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. अंगठ्याचं विचारलं तर म्हणाली, "आधीही सकाळी चावी मीच द्यायचे. ते चहा पीत बसायचे."

केशरी पायलटला नाही म्हणून कळवलं. त्याला झाकणाचा फोटो मागितला होता, त्याने दिलाच नाही.

आता देवनागरी आकड्यांचं जनता कुठे मिळेल? पुढच्या महिन्याच्या १४ तारखेपर्यंत हवं.

घड्याळवेडा_जळगाव
आता कसं विचारलंत! जनता मिळतं, मराठी आकड्यांचं थोडं शोधावं लागतं. माझ्याकडे एक आहे, मूळ तबकडीचं. पाचच्या आकड्याजवळ पिवळट डाग आहे, तो मी रंगवू दिलेला नाही. विकायचं मनात नव्हतं, पण या कामासाठी देतो. मी ज्या किमतीला घेतलं त्याच किमतीला. सर्व्हिस तुमच्या खर्चाने.

मीनल_धुळे
डाग राहू द्या तसाच.

केळीवाला_फैजपूर
भाऊ, शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. व्यक्तिगत संदेशात पत्ता पाठवा. चेनसाठी आप्पांच्या मनगटाचं माप आईला रात्री ते झोपल्यावर दोऱ्याने घ्यायला सांगितलंय.

घड्याळवेडा_जळगाव
पाठवला. दोरा गाठ मारून आणा, नुसता आकडा नको. आणि शनिवारी अकराच्या आत या. आमचा घड्याळजी दुपारी उन्हात दुकान बंद ठेवतो, आणि मशीन उघडताना तुम्ही समोर असावं.