जुन्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्पला वेगळा प्रीअ‍ॅम्प कुठे जोडू?

खुंटी: नमस्कार मंडळी. माझ्या जुन्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्पचा डावा चॅनेल मधूनच जातो. आवाज मोठा केला की येतो, बारीक केला की पुन्हा गायब. अ‍ॅम्पमधला प्रीचा भाग (सिग्नल निवडणारा, व्हॉल्यूम सांभाळणारा) गेलाय असं वाटतंय. भावाकडे एक ट्यूब प्रीअ‍ॅम्प पडून होता, तो आणलाय. अ‍ॅम्पच्या मागे ऑक्स (बाहेरच्या साधनांसाठी), फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठी), टेप आणि प्री आउट-मेन इन आहेत. शेवटच्या दोन्हींमध्ये यू आकाराच्या धातूच्या पिना घातलेल्या आहेत. प्री कुठे लावू? एक केबल सोडून काहीही विकत घ्यायचं नाहीये.

सुरेल७८: सरळ ऑक्सला लावा. माझा सहा वर्षं तसाच चालू आहे, काडीचा त्रास नाही.

धडधड: इंटिग्रेटेडच्या नादी लागू नका. मी दोन मोनोब्लॉक (प्रत्येक चॅनेलला वेगळा पॉवर अ‍ॅम्प) घेतले तेव्हा कळलं, तबल्याचा बायाँ काय असतो ते. वेगळा पॉवर अ‍ॅम्प घ्याच.

खुंटी: केबल सोडून काही नाही, वर लिहिलंय.

तारयंत्र: इंटिग्रेटेड म्हणजे प्री आणि पॉवर (स्पीकर चालवणारा भाग) एकाच पेटीत. त्या पिना म्हणजे दोघांमधला पूल. अ‍ॅम्प बंद करा, पिना काढा, तुमच्या प्रीचं आउटपुट मेन इनला द्या. मग अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम, बॅलन्स, बास-ट्रेबल काही चालणार नाही, सगळं प्रीवरून. ऑक्सला लावलंत तर दोन प्री एकामागे एक होतात. जुन्या अ‍ॅम्पच्या ऑक्सला १५०-२०० मिलिव्होल्ट पुरतात, प्री त्याच्या कितीतरी पट देतो. सळसळ वाढते, नॉब जरा हलला की आवाज अंगावर येतो. शिवाय बिघाड आतल्या प्रीत असेल तर ऑक्समधून सिग्नल त्याच वाटेने जाणार, मग उपयोग काय? सुरू करताना आधी प्री, ट्यूब तापू द्या, मग अ‍ॅम्प. बंद करताना उलटं.

सुरेल७८: सहा वर्षांत मला सळसळ ऐकू आली नाही.

निवांत: फोनोला लावलं तर? माझा फोनो रिकामाच आहे.

तारयंत्र: अजिबात नको. फोनोला २-३ मिलिव्होल्टची सवय. वर रिआ इक्वलायझेशन (रेकॉर्डसाठी केलेली बास-ट्रेबलची भरपाई), म्हणजे बास फुगणार आणि ट्रेबल मरणार.

कोपरा: मेन इनला व्हॉल्यूम नसतो हे नीट लक्षात ठेवा. मी तिथे सीडी प्लेअर थेट लावला होता. प्लेअर २ व्होल्ट देतो, मेन इनला पूर्ण ताकदीसाठी साधारण १ व्होल्ट पुरतो. दोन सेकंदांत वूफर (खर्जाचा स्पीकर) गेला. कोन बोटांनी हलकेच दाबला की आतून खरवडल्यासारखा आवाज यायचा. प्रीचा नॉब शून्यावर आहे ना, ते आधी बघा.

धडधड: आणि केबल चांदीची घ्या. तांब्याने वरचे सूर मरतात.

तारयंत्र: मीटरभर केबलमध्ये असं काही होत नाही. जॅक घट्ट बसला पाहिजे, एवढं बघा.

धडधड: ज्याला ऐकू येतं त्याला येतं.

दूरची_खोली: +१. पिना काढून मेन इन. पिना मात्र जपून ठेवा. प्री काढलात आणि पिना नसल्या तर अ‍ॅम्प मुकाच. माझ्या हरवल्या, आता तिथे वीतभर केबल लावलीय. काळ्या पडल्या असतील तर पुसूनही ठेवा.

खुंटी: दोन दिवसांनी लिहितोय. पिना काढल्या, दोन्ही काळपट झालेल्या. खोडरबरने घासल्यावर चकाकी आली. सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसले, काडी पार काळी. प्री जोडण्याआधी म्हटलं, पिना परत घालून एकदा ऐकू. तीन तास सलग ऐकलं, अगदी बारीक आवाजातही डावा चॅनेल गेला नाही! प्री जोडत नाहीये. भावाला परत देतो. सगळ्यांचे आभार, दूरची_खोली यांचे जास्त.

तारयंत्र: लक्षण जुळतंय. बारीक आवाजात सिग्नल इतका क्षीण असतो की गंजलेल्या थरातून पार होत नाही, मोठा केला की होतो. पुन्हा गेला तर स्पीकर रिलेचे (अ‍ॅम्पमधल्या स्पीकर जोडणाऱ्या स्विचचे) काँटॅक्ट बघा, तिथेही हेच होतं.

सुरेल७८: परत देण्याआधी एकदा ऑक्सला लावून ऐका तरी.