‘ब्रेडेड’ कटलेटला मराठीत काय म्हणाल?

शब्दखोर : एका पाककृतीचं भाषांतर करतेय. बटाटा, फरसबी, गाजर, मटार, वरून ब्रेडक्रम्स. मूळ शीर्षकात ‘ब्रेडेड’ आहे आणि खाली ‘मेन डिश’. मी ‘पावाच्या चुऱ्यात घोळवलेली भाज्यांची कटलेटं’ लिहिलं. संपादकबाई म्हणाल्या, शीर्षक आहे की मालगाडी? सुटसुटीत काही सुचवा.

मुळशीकर : चुरावडी. मराठीत शब्द घडवायला लाजता कशाला?

पानसुपारी : ‘चुरावडी’ म्हटल्यावर वडी मोडून चुरा झाला असंच वाटणार. बांगडा रव्यात घोळवतोच ना आपण? मग ‘चुऱ्यात घोळवलेली कटलेटं’ म्हणा, पाव गाळा. आमच्याकडे तर उरलेले टोस्ट लाटण्याखाली घालायचे, ब्रेडक्रम्स विकत आणणं म्हणजे उधळपट्टी.

माहीमवाली : कटलेटं??? आमच्याकडे तो कटलेस. एक असो की डझन, कटलेसच. आणि तो खिम्याचा. भाज्यांचा असेल तर तसं आधी सांगायची पद्धत आहे, पाहुण्याचा हिरमोड नको.

मुळशीकर : कटलेस हा अपभ्रंश आहे. छापील मजकुरात चालणार नाही.

माहीमवाली : मग ‘पॅटिस’ कसं चालतं? मुळात पॅटीचं अनेकवचन, आपण एकवचनी करून टाकलं. मॅचेसची माचीस झाली. कटलेट्सचं कटलेस झालं तेवढंच खुपतं? पारशांकडे तर कटलेस शेवटी अंड्यात बुडवून तळतात, कडेला जाळी सुटते. चुरा आत, अंडं बाहेर. तिथे तुमची चुरावडी काय करणार?

टकमक : मुळात ‘कट’ करून आकार देतात म्हणून कटलेट. भाज्याही कटच करतो.

शब्दखोर : नाही हो. फ्रेंच ‘कोतलेत’, म्हणजे छोटी बरगडी. ‘कट’शी संबंध नाही, स्पेलिंग मात्र त्याच्या नादाने बदललं.

पानसुपारी : म्हणजे व्हेज कटलेट ही बटाट्याची बरगडी! श्रावणात खाल्ली तर चालेल ना?

मांडवीकाठ : गोव्यात कटलेट-पाव खाऊन बघा. मांसाचा चपटा तुकडा, मसाला लावून रव्यात घोळवलेला. कुस्करलेलं काही नाही. तुम्ही सगळे ज्याला कटलेट म्हणता ती टिक्की.

मुळशीकर : टिक्की हिंदी!

मांडवीकाठ : आणि कटलेट काय ज्ञानेश्वरीतलं?

शब्दखोर : ‘मेन डिश’बद्दल कोणीच बोललं नाही.

पानसुपारी : कारण आपल्या पानात ती नसतेच. वरणभात, पोळी, भाजी, आमटी. यात मुख्य कोण हे आजेसासूबाईंनाही सांगता आलं नसतं. कटलेट तळणात येतं, भजी-कुरडयांशेजारी. फार तर ‘पोटभरीचा पदार्थ’ लिहा.

टकमक : पोटभरीचा म्हणजे मिसळ. कटलेट मधल्या वेळचं. रेल्वेतलं ब्रेड-कटलेट सोडून.

माहीमवाली : रेल्वेतलं सोडूनच द्या.

वाफाळ : शब्दांचं चालू द्या, पण माझी तेलात फुटतात. काय चुकतंय?

पानसुपारी : भाज्या वाफवून चाळणीत निथळता का? फरसबी पाणी सोडते. बटाटा पूर्ण गार झाल्यावरच किसा. मैद्याची पेस्ट अगदी पातळ, मग चुरा, मग अर्धा तास फ्रीज.

माहीमवाली : मैदा कशाला, अंडं लावा.

मुळशीकर : शाकाहारी म्हटलंय!

वाफाळ : फ्रीजमध्ये झाकून ठेवायची की उघडी?