पंधरावा नंबर: दोष अमोरिमचा, की आधीच्या उन्हाळ्याचा?

धरमपेठचा लाल

२१ मे २०२५च्या रात्री, म्हणजे आपल्याकडे २२ तारीख लागली होती, प्रतापनगरला मित्राच्या घरी आम्ही पाच जण मॅन्चेस्टर युनायटेडची युरोपा लीग फायनल बघायला बसलो होतो. कूलरची टाकी हाफटाइमला भरायची असं ठरलं होतं. ४२व्या मिनिटाला टॉटनहॅमच्या ब्रेनन जॉन्सनचा तो धड ना शॉट ना पास असला गोल झाला, चेंडू आपल्याच शॉच्या अंगाला लागून आत गेला. हाफटाइमला बादली घेऊन उठलेला गडी गॅलरीतच बसून राहिला. दुसरा हाफ आम्ही गरम हवेत बघितला. ६८व्या मिनिटाला आपल्या हॉयलंडचा हेडर त्यांच्या व्हॅन डे व्हेनने हवेत उलटा होऊन गोललाइनवरून काढला, तेव्हाच कळलं होतं की आज काही खरं नाही. ०-१ हरलो.

महिना होत आला. प्रीमियर लीगमध्येही युनायटेड पंधरावं आलं, म्हणून ज्याला त्याला कोच अमोरिमला हाकलायचंय. मला पटत नाही. हा सीझन बिल्बाओतल्या त्या फायनलला गेला नाही, २०२४च्या जुलैत गेला. उन्हाळाभर दुसरे कोच चाचपले, कोणी जमलं नाही, मग ४ जुलैला तेव्हाच्या कोचचा, टेन हागचाच करार २०२६पर्यंत वाढवला. त्याच्या पसंतीचे डी लिख्ट, माझरावी, झर्कझी, उगार्टे घेतले, आणि २८ ऑक्टोबरला त्यालाच नारळ दिला. अमोरिम म्हणत होता मी सीझन संपल्यावर येतो. क्लबने सांगितलं, आत्ता नाही तर कधीच नाही. चार डिफेंडरच्या पद्धतीसाठी घेतलेली माणसं तीन डिफेंडरवाल्याच्या हातात दिली. दुसऱ्याच्या मापाचा शर्ट घालायला लावायचा आणि वरून बटण का लागत नाही म्हणून त्यालाच विचारायचं!

तर्रीवाला

भाऊ, जुलै जुलै काय करून राहिला? अमोरिमले लीगच्या २७ मॅच भेटल्या, पॉइंट आणले २७. जिंकल्या ७, हरला १४. टेन हागनं ९ मॅचमधी ११ आणले होते, अन् त्याले हाकललं. मधात दोन मॅच तात्पुरता कोच व्हॅन निस्टलरॉयनं पाहिल्या, त्यानं ४ आणले. हिशेब तूच कर.

शर्टाचं म्हणतो ना, मंग शर्ट लहान हाये हे डिसेंबरातच दिसलं होतं. बटण उघडं ठेव, दुसरा घाल, काहीतरी कर! हा बाबा म्हणते मी पद्धत बदलणार नाही. आमच्या मोहल्ल्यातला टेलरबी एवढा अडत नाही.

कामठीचा गोली

तर्रीवाले भाऊ, हिशेब बरोबर, निकाल चूक. मी पंधरा वर्षं कामठीत गोलमध्ये उभा राहिलोय, त्यामुळे मागून जे दिसतं तेच सांगतो. ३-४-३मध्ये सगळा जीव दोन विंगबॅकमध्ये असतो. चेंडू आपल्याकडे असला की ते फॉरवर्ड, गेला की डिफेंडर. त्यांना वरखाली धावता आलं नाही तर मागे तिघंच उरतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बस वळवता येईल एवढी जागा. युनायटेडकडे डालो आणि माझरावी, दोघेही मुळात फुलबॅक, म्हणजे कडेचे डिफेंडर. खरा डावा विंगबॅक, डोर्गू, फेब्रुवारी उजाडताना आला, तोही विशीतला पोरगा. तोवर अर्धं वर्ष संपलं होतं.

आपला गोली ओनाना, त्याच्याबद्दल बोलत नाही. युरोपा लीगमध्ये लिऑनशी झालेल्या पहिल्या मॅचमधले ते दोन गोल बघून मी दोन दिवस ग्लोव्हज बाहेर काढले नव्हते.

कोंबडा छाप

नमस्कार मंडळी. नागपुरातला बहुधा एकटाच टॉटनहॅमवाला. या सीझनमध्ये तुम्हाला चार वेळा हरवलं: लीगमध्ये दोनदा, लीग कपात ४-३, आणि बिल्बाओत. आम्ही सतरावे, ३८ पॉइंट, २२ पराभव, सगळं कबूल. पण कप आमच्याकडे. २००८नंतरचा पहिला. पंधराव्या नंबराच्या बदल्यात देऊ का? बोला.

तर्रीवाला

अन् तुमचा कोच? कप आणून १६ दिवसात घरी! तुम्ही आमच्यापेक्षा येडे हात बाप्पा. अन् सतरावा नंबर वाचला तो लेस्टरच्या कृपेनं. अठरावे होते, २५ पॉइंटवर, अन् खालचे तीनच लीगमधून बाहेर जाते. दुसऱ्या कोण्या वर्षी दोघंही घामाघूम झाले असते.

कोंबडा छाप

पोस्टेकोग्लूला काढलं ते मलाही नाही पटलं. पण लीग सोडून युरोपवर डाव लावायचा, हेच तर दोघांनी केलं ना? आमचा लागला. तुमचे शॉट १६, आमचे ३.

गोकुळपेठची ताई

कोच, पद्धत, विंगबॅक झालं असेल तर मालकांकडेही जरा बघा. भागमालक रॅटक्लिफ आल्यापासून आधी २५० लोकांची नोकरी गेली, मग २०२५च्या फेब्रुवारीत आणखी २००पर्यंत जातील म्हणून जाहीर केलं. कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद. तिकीट ६६ पाउंड केलं, पोरांना आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही. तेही सीझनच्या मधेच. आणि हेच लोक कोच बदलण्यावर कोट्यवधी उडवतात. घरात दूध पाण्यासारखं वापरायचं आणि कामवालीच्या चहात साखर मोजायची, तसली काटकसर.

आणि मॅकटॉमिने! आपला मिडफिल्डर, ऑगस्टात इटलीच्या नापोलीला विकला. त्याने लीगमध्ये १२ गोल मारले, नापोली चॅम्पियन, इटलीतला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू तो. आपले हॉयलंड आणि झर्कझी लीगमध्ये दोघं मिळून ७. हे अमोरिम यायच्या आधी घडलंय, तर्रीवाले.

तर्रीवाला

ताई, मॅकटॉमिनेवर मी काही बोलत नाही. तिथं तोंडच नाही आपल्याले. पण घरच्या मैदानावर लीगच्या ९ मॅच हरले. वुल्व्हज येऊन जिंकून गेले, वेस्ट हॅम येऊन जिंकून गेले. तिथं मालक खेळत नव्हता.

धरमपेठचा लाल

हे मान्य. मे महिन्यात वेस्ट हॅमशी जे खेळलो त्याला पद्धतीचं कारण देता येत नाही. सगळे फायनलची वाट बघत उभे होते. कॅप्टन ब्रुनोने सगळ्या स्पर्धा मिळून १९ गोल मारले म्हणून निदान पंधरावे तरी आलो.

पण लिऑनशी दुसऱ्या मॅचची रात्र विसरू नका. एक्स्ट्रा टाइममध्ये २-४ मागे, ११४व्या मिनिटाला ब्रुनोची पेनल्टी, मग मेनूचा गोल, मग १२१व्या मिनिटाला मॅग्वायरचं डोकं. ५-४. हीच माणसं, हाच कोच. मी रात्री तीनच्या पुढे गच्चीवर जाऊन ओरडलो, खालच्या काकांनी लाइट लावला. त्याच रात्रीमुळे मी अमोरिमला पुढची दिवाळी द्यायला तयार आहे. भावनिक आहे, माहीत आहे.

कामठीचा गोली

दिवाळी तशीही मिळणार. २०२५-२६ला युरोपातली स्पर्धा नाही, २०१४-१५नंतर पहिल्यांदा. आठवडाभर सराव, त्यात नवा फॉरवर्ड कुन्हाही आलाय. आता विंगबॅक नवीन होते ही सबब चालणार नाही. नोव्हेंबरात मीच तुमच्या विरोधात बोलेन.

तर्रीवाला

नव्या सीझनची पहिलीच मॅच आर्सेनलसंग हाये, ओल्ड ट्रॅफर्डवर. तोवर कूलर माळ्यावर गेला असन, टाकीची कटकट नाही. पोहे मी आणतो, तर्री वेगळ्या डब्यात. टीव्ही तुमचा.

धरमपेठचा लाल

टीव्ही मित्राचा आहे. आणि त्या रात्री बादली कोणी भरायची होती यावरून तो अजून माझ्याशी बोलत नाहीये.